इंग्रजी नेमकं कुठे अडतं? – मराठीतून इंग्रजीकडे जाताना होणाऱ्या दहा चुका



फर्स्ट इयरच्या व्हायव्हामध्ये दरवर्षी एक गोष्ट हमखास घडते. एक्स्टर्नल सर प्रश्न विचारतात. समोरच्याला उत्तर येत असतं. आदल्या रात्री मेसमध्ये त्याने तेच उत्तर रूममेटला मराठीत अगदी सोप्या शब्दांत समजावून सांगितलेलं असतं. पण व्हायव्हाला तो गप्प बसतो. सर दोन मिनिटं वाट पाहतात आणि पुढच्या रोल नंबरकडे वळतात. कागदावर मार्क मेकॅनिक्सचे कापले जातात, पण खरं म्हणजे ते इंग्रजीचे असतात. पुढे फायनल इयरला कॅम्पस सुरू झालं की हेच नाटक पुन्हा! ॲप्टिट्यूड क्लिअर, टेक्निकल क्लिअर, आणि एचआर राउंडला 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की घशाला कोरड.

मी मूळची धाडची. बुलढाणा तालुक्यातलं, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळचं हे गाव. आमच्याकडे एकाच बाकड्यावर बसलेल्या दोन माणसांपैकी एक वऱ्हाडी बोलतो, तर भोकरदनकडून आलेला दुसरा मराठवाडी ढंगात उत्तर देतो, आणि दोघांचं छान जमतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. (आपल्या भागात इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला 'कॉन्व्हेंट'च म्हणतात, मग तिथे नन असोत की नसोत!) त्यामुळे मला इंग्रजी कानाने मिळालं. होस्टेलला आल्यावर मात्र मराठी माध्यमातून आलेल्या मैत्रिणी विचारायला लागल्या, "हे असं का? ते तसं का नाही?" 'असंच असतं गं' या उत्तराने त्यांचं समाधान होईना. मग त्या 'का'ची उत्तरं शोधता शोधता एक गंमत लक्षात आली. बहुतेक उत्तरं इंग्रजीच्या पुस्तकात नव्हतीच, ती आपल्या मराठीत होती.

म्हणजे काय? तर आपण ज्यांना 'इंग्रजी कच्चं असल्याच्या चुका' म्हणतो, त्यातल्या बऱ्याचशा चुका म्हणजे मराठीचा नियम इंग्रजीला लावलेला असतो. धाडचा मुलगा, सांगलीचा मुलगा आणि बेळगावचा मुलगा बऱ्याच अंशी त्याच चुका करतो, कारण तिघांची मराठी तीच आहे. आणि ज्या चुका ठरलेल्या आहेत, त्या मोजता येतात. मोजता येतात तर दुरुस्तही करता येतात. हा लेख त्यासाठीच.

हे सगळ्यांचंच होतं

इंग्रज माणूस मराठी शिकतो तेव्हा त्याचंही असंच होतं. त्याच्या भाषेत टेबल, खुर्ची आणि कपाट तिन्ही 'इट'. मग 'ते टेबल, ती खुर्ची, ते कपाट' पाठ करताना त्याच्या नाकी नऊ येतात. 'ळ' म्हणता येत नाही. 'ताट' आणि 'टाट' यातला फरक कानाला कळत नाही. तरीही थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आले, इथली भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापून आलं. पुढे मोल्सवर्थ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश तयार केला. त्याची १८५७ ची सुधारलेली आवृत्ती आजही इंटरनेटवर मोफत पाहता येते. मोठेपणी शिकलेली परकी भाषा इतकी येऊ शकते, तर आपल्याला पाच मिनिटांचा एचआर राउंड का जमू नये?

आणि आपल्याकडे तर वर्षं कमी नाहीत. पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, ते पहिलीपासून सुरू झालं. म्हणजे आज इंजिनिअरिंगला असलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेला आहे! मग अडतं कुठे? तर ती बारा वर्षं आपण प्रश्नोत्तरं लिहिली, बोललो कमी. आणि दोन भाषांमधला फरक कुणी शेजारी-शेजारी ठेवून दाखवला नाही. चला तर मग, तेच करू.

१. परीक्षा 'देतं' कोण?

मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि सर परीक्षा घेतात. इंग्रजीत बरोबर उलटं! विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि सर 'गिव्ह' करतात. म्हणून 'आय गेव्ह द एक्झाम' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, पेपर तुम्हीच काढला. म्हणायचं 'आय टुक द एक्झाम'.

असंच 'बंद' या शब्दाचं. आपण दार बंद करतो, पंखा बंद करतो, नळ बंद करतो आणि तोंडही बंद करतो. म्हणून पंख्याला आपण 'क्लोज द फॅन' म्हणतो. इंग्रजीत दार 'क्लोज' होतं, पंखा 'स्विच ऑफ' होतो, नळ 'टर्न ऑफ' होतो. मला सर्दी 'झाली', भूक 'लागली', शंका 'आली'. मराठीत या गोष्टी आपल्याकडे चालत येतात. इंग्रजीत 'आय हॅव अ कोल्ड', 'आय ॲम हंग्री', 'आय हॅव अ डाउट'. प्रत्येक ठिकाणी सुरुवात 'आय'ने. शब्दाला शब्द ठेवण्यापेक्षा पूर्ण वाक्प्रयोग एकत्र पाठ करावा, तो उपयोगी पडतो.

२. एकटा 'ला' आणि त्याची पाच कामं

आपला 'ला' फार कष्टाळू प्रत्यय आहे. 'शेगावला जातो', 'शेगावला राहतो', 'शेगावला पोहोचलो', 'दहा तारखेला पेपर आहे', 'त्याला विचारलं'. पाचही ठिकाणी 'ला'. इंग्रजीत मात्र प्रत्येकाची वेगळी सोय आहे: 'गो टू शेगाव', 'लिव्ह इन शेगाव', 'रीच शेगाव' (इथे काहीच नको), 'ऑन द टेन्थ', आणि 'आस्क हिम' (इथेही काही नको). आपण सगळीकडे 'टू' लावत सुटतो आणि 'आस्क टू हिम', 'रीच्ड टू शेगाव' अशी वाक्यं तयार होतात.

तीच गोष्ट 'बद्दल'ची. 'प्रोजेक्टबद्दल चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट द प्रोजेक्ट'. पण 'डिस्कस'च्या पोटातच 'अबाउट' आहे, म्हणून नुसतं 'डिस्कस्ड द प्रोजेक्ट'. उलट 'गाणी ऐकतो' यात मराठीत काहीच प्रत्यय नाही, म्हणून आपण 'लिसन म्युझिक' म्हणतो; तिथे 'लिसन टू म्युझिक' हवं. याला एकच उपाय आहे. क्रियापद एकटं पाठ करायचं नाही, त्याच्या शेपटीसकट पाठ करायचं.

वेळेसाठी एक सोपा हिशोब आहे. घड्याळाची वेळ असेल तर 'ॲट', वार किंवा तारीख असेल तर 'ऑन', महिना किंवा वर्ष असेल तर 'इन'.

३. मराठीत नसलेली वस्तू: 'अ', 'ॲन' आणि 'द'

मराठीत ही भानगडच नाही. 'मी वही घेतली' यात कुठली तरी वही की ठरलेली वही, ते संदर्भावरून कळतं. इंग्रजीला ते दर वेळी सांगावं लागतं. ढोबळ नियम असा: ऐकणाऱ्याला 'कुठली?' हे अजून माहीत नसेल तर 'अ', माहीत असेल तर 'द'. 'आय बॉट अ नोटबुक. द नोटबुक हॅज टू हंड्रेड पेजेस.' पहिल्यांदा ओळख, मग ओळखीचं.

'अ' की 'ॲन' हे स्पेलिंगवर ठरत नाही, कानावर ठरतं. म्हणून 'अ युनिव्हर्सिटी' (सुरुवात 'य'ने होते) पण 'ॲन अवर' (सुरुवात 'अ'ने होते). बायोडेटामध्ये हमखास चुकणारे दोन शब्द म्हणजे 'ॲन एमबीए' आणि 'ॲन एलईडी'. स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर व्यंजन असलं तरी उच्चार 'ए'ने सुरू होतो, म्हणून 'ॲन'.

४. 'करून राहिलो' आणि 'इंग'

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नॉट नोइंग', 'आय ॲम बिलाँगिंग टू बुलढाणा डिस्ट्रिक्ट'. ही वाक्यं आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. 'आहे' दिसलं की आपण 'ॲम' आणि 'इंग' जोडून टाकतो.

इथे आपली वऱ्हाडी कामाला येते! आपण म्हणतो, 'काय करून राहिला बे?' 'जेवून राहिलो.' हे 'करून राहिलो' म्हणजे चालू असलेलं काम. जिथे वऱ्हाडीत 'करून राहिलो' बसतं, तिथे इंग्रजीत 'इंग' बसायची शक्यता जास्त. 'जेवून राहिलो' चालतं, म्हणून 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं. पण 'मला दोन भाऊ असून राहिले' असं कुणी म्हणेल का? नाही ना? मग 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'मी बुलढाण्याचा असून राहिलो' म्हणाल का? मग 'आय बिलाँग टू'. रोजच्या सवयीचंही तसंच. 'मी रोज जिमला जातो' म्हणतो, 'जाऊन राहिलो' म्हणत नाही, म्हणून 'आय गो टू द जिम एव्हरी डे'.

फक्त एका ठिकाणी ही युक्ती दगा देते. आपण 'मले समजून नाही रायलं' म्हणतो, पण इंग्रजीत 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' म्हणत नाहीत, 'आय डोन्ट अंडरस्टँड' म्हणतात. हा अपवाद वेगळा लक्षात ठेवावा, कारण वर्गात सगळ्यात जास्त लागणारं वाक्य हेच!

५. 'पासून' म्हणजे 'सिन्स' की 'फॉर'?

'मी दोन वर्षांपासून होस्टेलला राहते' आणि 'मी २०२३ पासून होस्टेलला राहते'. मराठीत दोन्हीकडे 'पासून', आणि दोन्हीकडे वर्तमानकाळ. म्हणून आपण म्हणतो, 'आय ॲम लिव्हिंग इन द होस्टेल सिन्स टू इयर्स'. एका वाक्यात दोन चुका!

काळाची लांबी मोजली असेल (दोन वर्षं, तीन तास) तर 'फॉर'. सुरुवातीचा ठराविक क्षण सांगितला असेल (२०२३, सोमवार, सकाळ) तर 'सिन्स'. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर 'फॉर' म्हणजे रेषेची लांबी आणि 'सिन्स' म्हणजे रेषेचा आरंभबिंदू. आणि काम तेव्हा सुरू होऊन अजून चालू असेल तर 'हॅव बीन'. म्हणून 'आय हॅव बीन लिव्हिंग इन द होस्टेल फॉर टू इयर्स'.

६. भूतकाळ एकदाच

'मी गेलो. मी गेलो नाही.' मराठीत नकार द्यायला शेवटी 'नाही' चिकटवलं की काम झालं, 'गेलो' तसंच राहतं. म्हणून 'आय वेंट'चा नकार आपण 'आय डिडन्ट वेंट' असा करतो. पण इंग्रजीत भूतकाळाचं ओझं 'डिड'ने आधीच उचललेलं असतं. एका वाक्यात ते दोघांनी उचलायची गरज नाही. 'आय डिडन्ट गो'. प्रश्नातही तसंच: 'डिड यू गो?' 'डिड' आला की मुख्य क्रियापद साध्या रूपात, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

७. प्रश्नाची उलटापालट

मराठीत 'तू उशिरा आलास' या वाक्यात 'का' टाकलं की प्रश्न तयार. शब्दांची जागा बदलावी लागत नाही. म्हणून आपण विचारतो, 'व्हाय यू आर लेट?' इंग्रजीत प्रश्न विचारताना 'आर' आणि 'यू' यांनी जागा बदलायची: 'व्हाय आर यू लेट?'

पण थांबा, याला एक उपनियम आहे. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की पुन्हा सरळ क्रम. 'व्हेअर इज द लॅब?' बरोबर, पण 'कॅन यू टेल मी व्हेअर द लॅब इज?' हेही बरोबर. इथे 'टेल मी व्हेअर इज द लॅब' म्हणायचं नाही. कॉन्व्हेंटमधून आलेली मुलंसुद्धा इथे भरपूर अडखळतात, त्यामुळे कुणी वाईट वाटून घेऊ नये!

८. 'हो, नाही दिलं'

सर विचारतात, 'डिडन्ट यू सबमिट द जर्नल?' मराठीत आपण म्हणतो, 'हो सर, नाही दिलं.' म्हणजे सर जे म्हणाले त्याला 'हो'. म्हणून आपण 'येस सर' म्हणतो. सर समजतात, जर्नल दिलं! इंग्रजीत 'येस' किंवा 'नो' हे सरांच्या वाक्याला नसतं, घडलेल्या गोष्टीला असतं. दिलं असेल तर 'येस, आय डिड'. दिलं नसेल तर 'नो, आय डिडन्ट'. प्रश्न कसाही विचारला तरी. नुसतं 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबू नका, पुढचे दोन शब्द जोडा, म्हणजे गैरसमज होणार नाही.

९. आदर क्रियापदात नसतो

'सर आले आहेत', 'आई गावाला गेल्या आहेत'. मोठ्यांसाठी बहुवचन ही आपली रीत. ती इंग्रजीत नेली की 'सर आर नॉट इन केबिन' तयार होतं. इंग्रजीत राष्ट्रपती असोत की मेसचे काका, एक माणूस म्हणजे 'इज'. 'सर इज नॉट इन हिज केबिन.' यात उद्धटपणा काही नाही. इंग्रजीत आदर दाखवायची जागा वेगळी आहे. ती 'कुड यू', 'मे आय', 'प्लीज' या शब्दांत असते. 'गिव्ह मी लीव्ह' ऐवजी 'मे आय टेक लीव्ह ऑन फ्रायडे?' म्हणा, तिथे आदर पोहोचतो.

१०. मोजता न येणाऱ्या गोष्टी

'इन्फॉर्मेशन्स', 'इक्विपमेंट्स', 'सॉफ्टवेअर्स', 'फर्निचर्स', 'ॲन ॲडव्हाइस'. आपल्या रिपोर्टमध्ये ही मंडळी दर पानावर भेटतात. इंग्रजीत हे शब्द पाण्यासारखे आहेत, त्यांचं अनेकवचन होत नाही. आपण 'तीन पाणी' म्हणत नाही, 'तीन ग्लास पाणी' म्हणतो. तसंच 'थ्री पीसेस ऑफ इक्विपमेंट', 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'सॉफ्टवेअर पॅकेजेस'. प्रोजेक्ट रिपोर्ट छापायला देण्याआधी हे पाच शब्द शोधून एकदा तपासा.

उच्चाराबद्दल थोडंसं

आपला 'व' एक, इंग्रजीत दोन. पण मराठी लिहिणाऱ्यांनी हा फरक केव्हाच ओळखलाय. आपण 'व्होल्टेज' आणि 'व्हायव्हा' लिहिताना 'व्ह' वापरतो, आणि 'वॅट' आणि 'वायर' लिहिताना 'व'. बोलताना पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला लावायचे. दुसऱ्यासाठी दात लावायचेच नाहीत, ओठांचा चंबू करायचा. आरशासमोर 'व्होल्ट, वॅट' असं दहा वेळा म्हणून बघा. रूममेट हसतील, पण फरक पडतो.

दुसरं, भूतकाळाचं शेपूट. आपण 'वर्केड', 'सॉल्वेड' म्हणतो. खरं तर ते 'वर्क्ट' आणि 'सॉल्व्ह्ड' आहे. 'इड' असा वेगळा उच्चार फक्त शब्दाच्या शेवटी 'ट' किंवा 'ड' असेल तेव्हाच, जसं 'वाँटिड', 'लोडिड'. तिसरं, 'डाउट'मधला 'ब' आणि 'रिसीट'मधला 'प' फक्त लिहायचा, म्हणायचा नाही. आणि चौथं, जोर. मराठीत शब्दावरचा जोर इकडे-तिकडे झाला तरी अर्थ बदलत नाही. इंग्रजीत 'डेव्हलप'मध्ये जोर मधल्या भागावर, 'इंजिनिअर'मध्ये शेवटच्या भागावर. स्वतःच्या डिग्रीचं नाव तरी नीट म्हणता यायला हवं!

अमेरिकन ॲक्सेंट मारायची काहीच गरज नाही. वऱ्हाडी सुरात बोललेलं स्पष्ट इंग्रजी कुणालाही समजतं. न समजणारं इंग्रजी बहुतेक वेळा घाईने बोललेलं असतं.

कुठल्या चुकांची काळजी नको?

काही शब्द बाहेरच्या लोकांना नवे वाटतात, पण आपल्या देशात ते सगळ्यांना कळतात. 'प्रिपोन' हा शब्द आपल्याकडचा, आणि तो आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. 'कझिन ब्रदर' म्हणण्यामागेही कारण आहे. आपल्याकडे चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ अशी चार वेगळी नाती, आणि इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच 'कझिन'. आपल्याला तो एकटा शब्द अपुरा वाटणारच. तरी लिहिताना नुसतं 'कझिन' लिहा. मात्र 'आय पासड आउट इन २०२४' हे परदेशी माणसासमोर टाळा, कारण त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'मी बेशुद्ध पडलो' असा होतो. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा. तसंच 'मायसेल्फ अमुक-तमुक' ऐवजी साधं 'आय ॲम...'.

मग करायचं काय?

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी रकान्यांत छापलेला असायचा. पुढे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवल्या. दोन्हीमागची कल्पना आजही जुनी झालेली नाही. एक शंभर पानी वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे दिवसभरात खरोखर बोललेली पाच मराठी वाक्यं लिहा, अगदी 'आज भाजीत मीठ नव्हतं' हेसुद्धा. उजवीकडे त्यांचं इंग्रजी. मग वरच्या दहा मुद्द्यांवरून स्वतःच तपासा आणि शेजारच्या रूममधल्या कुणाला तरी दाखवा. जी चूक सापडेल तिच्यापुढे मुद्द्याचा नंबर टाका. पंधरा दिवसांनी वही चाळली की कळेल, आपले ठरलेले दोन-तीनच नंबर पुन्हा पुन्हा येतायत. सगळं इंग्रजी सुधारायचं नाहीये, ते दोन-तीन नंबर सुधारायचेत.

दुसरी गोष्ट, बोलताना चूक लक्षात आली तर वाक्य पूर्ण करा, मध्ये थांबू नका. लिहिताना दुरुस्ती करायला वेळ असतो, बोलताना नसतो. व्हायव्हामध्ये 'करंट इज इन्क्रीझ' असं अर्धवट बोललेलं उत्तरसुद्धा गप्प बसण्यापेक्षा जास्त मार्क मिळवतं, कारण सरांना निदान कळतं की तुम्हाला विषय येतो.

तिसरी गोष्ट माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी. कुणी 'डिडन्ट वेंट' म्हटलं की आपल्या बाकावरून खुदकन हसू येतं. ते हसू एका सेकंदात संपतं, पण ज्याच्यावर हसलो तो पुढची दोन वर्षं वर्गात हात वर करत नाही. त्याचं इंग्रजी चुकांमुळे थांबत नाही, त्या हसण्यामुळे थांबतं. हसण्याऐवजी दुरुस्त वाक्य हळूच पुन्हा म्हणा: 'ओह, यू डिडन्ट गो?' त्यालाही कळतं, आणि कुणाला कळत नाही की कळलं!

आणि सर-मॅडमना एक नम्र विनंती. व्हायव्हाला एखादा विद्यार्थी अडला, तर 'आधी मराठीत सांग, मग इंग्रजीत' एवढंच म्हणा. विषय येतो की नाही हे लगेच कळेल. आता तर २०२१ पासून पुण्याच्या पिंपरी-चिंचवड कॉलेजमध्ये इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायलाही सुरुवात झाली आहे. मराठीत विचार करणारा इंजिनिअर ही काही कमीपणाची गोष्ट राहिलेली नाही. इंग्रजी आपल्याला नोकरीसाठी, मॅन्युअलसाठी आणि बाहेरच्या माणसाशी बोलण्यासाठी हवं आहे. त्यासाठी घरची भाषा सोडावी लागत नाही. उलट ती नीट माहीत असेल, तर इंग्रजी कुठे वेगळं आहे ते लवकर दिसतं.

जाता जाता: थोडा सराव

खालची सहा वाक्यं आधी स्वतः दुरुस्त करा, मगच उत्तरं बघा. (उत्तरं झाकायला मेसचं कार्ड वापरा!)

१) व्हाय यू डिडन्ट केम यस्टरडे?
२) आय ॲम स्टडिंग हिअर सिन्स थ्री इयर्स.
३) सर आर नॉट इन केबिन.
४) वुई डिस्कस्ड अबाउट द प्रोजेक्ट.
५) शी गेव्ह मी मेनी इन्फॉर्मेशन्स.
६) प्लीज क्लोज द फॅन.

उत्तरं:
१) व्हाय डिडन्ट यू कम यस्टरडे? (मुद्दे ६ आणि ७)
२) आय हॅव बीन स्टडिंग हिअर फॉर थ्री इयर्स. (मुद्दा ५)
३) सर इज नॉट इन हिज केबिन. (मुद्दा ९)
४) वुई डिस्कस्ड द प्रोजेक्ट. (मुद्दा २)
५) शी गेव्ह मी अ लॉट ऑफ इन्फॉर्मेशन. (मुद्दा १०)
६) प्लीज स्विच ऑफ द फॅन. (मुद्दा १)

सहापैकी चार बरोबर आली असतील तर तुमचं इंग्रजी 'कच्चं' नाही, एवढं नक्की. दोन आली असतील तर तुमचे मुद्द्यांचे नंबर तुम्हाला सापडले. आज रात्रीच वहीला रेघ मारा. आणि पुढच्या व्हायव्हाला सर विचारतील तेव्हा, चुकलं तरी चालेल, पण बोला!